आरामासाठी चार चिरे

आमच्या गाडीच्या डिकीत चार चिरे होते आणि ते मी आरामासाठी ठेवले होते.

चिरे म्हणजे चिरेच. जांभ्या दगडाचे, घर बांधायला लागतात ते, एकेक उचलताना माणसाला देव आठवतो तसले! लोक गाडीत उशी ठेवतात, मानेला पट्टा लावतात, वासाची डबी टांगतात. मी दगड ठेवले. पण हे असं एकदम सांगितलं तर माझ्याबद्दल गैरसमज व्हायचा, म्हणून पहिल्यापासून सांगतो. (पहिल्यापासून सांगितल्यावर तो गैरसमज पक्का होईल, असं आमच्या मीनाचं मत आहे. मीना म्हणजे माझी बायको.)

माझं रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. गाडी छोटी, चौघांची. पण आमच्याकडे गाडी घेतली की ती माणसांसाठी घेतली हे कोणी लक्षात ठेवत नाही. कागदाचे गठ्ठे, आंब्याच्या पेट्या, तांदळाची पोती, फणस, आणि एकदा तर शेजाऱ्यांची अडलेली शेळीसुद्धा तिने डॉक्टरकडे पोचवली आहे. परिणाम असा झाला, की गाडीचे शॉकअप कधीच देवाघरी गेले होते. रस्त्यात बिडीचं थोटूक पडलेलं असलं तर ते विझलेलं होतं की पेटतं, हे आम्हाला सीटवर बसून कळायचं!

अशा गाडीतून मी एकदा आईला मारुती मंदिरापर्यंत घेऊन गेलो. परत येईपर्यंत तिची कंबर धरली. पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळली आणि सोळाव्या दिवशी उठून तिने पहिलं वाक्य उच्चारलं, "मेल्या, तुझ्या ह्या डब्यात मी परत बसत्ये तर नाव बदलीन!"

आता नाव बदलायला हरकत नव्हती, पण मध्येच पूर्णगडहून मावशीचा फोन आला.

मावशी ही आईची थोरली बहीण. तिचे गुडघे गेलेले, आईची कंबर गेलेली, त्यामुळे दोघींची भेट दोन वर्षं फक्त मोबाइलवर चालली होती. त्यातून मावशी व्हिडिओ कॉलसुद्धा मोबाइल कानाला लावून करते! म्हणजे दोन वर्षं आईला मावशीचा फक्त कान दिसत होता. आई त्या कानाशी तासतासभर बोलायची आणि फोन ठेवल्यावर पदराने डोळे पुसायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं. गाडी माझी, रस्ता समोर, आणि बहिणी बहिणींना भेटू शकत नाहीत!

तर मावशीच्या नातवाने, नितेशने, नवी बोट बांधली होती. ती पाण्यात उतरवायचा दिवस ठरला. मावशीने फोनवर जाहीर केलं, "माझी बाय आल्याशिवाय बोटीवर नारळ फुटायचा नाय. बोट किनाऱ्यावर कुजली तरी चालेल!"

आई म्हणाली, "येत्ये हो, येत्ये." आणि फोन ठेवून माझ्याकडे नुसती बघत राहिली.

ही बातमी माझ्या मेहुण्याला कळली. संजयला. संजय बांधकामाचे ठेके घेतो, म्हणून कायम पांढरे कपडे घालतो, आणि त्याच्याकडे एक भलीमोठी, उंच गाडी आहे. ती घेऊन तो दारात हजर!

"भावजी, आईंना माझ्या गाडीतून नेऊ. पोटातलं पाणी हलणार नाही."

मला हे सहन होण्यासारखं नव्हतं, पण आईसाठी गप्प बसलो. आईने गाडीकडे खालून वर पाहिलं. पायरी तिच्या गुडघ्याच्या वर. संजयने पळत जाऊन प्लॅस्टिकचं स्टूल आणलं.

"ह्याच्यावर पाय ठेवा आणि चढा."

"चढू? मी काय माडावर चढत्येय? कंबर असती तर एसटीने नसत्ये गेल्ये?"

मला इतका आनंद झाला, की मी संजयला चहा पाजला. आणि त्याच चहावर घोषणा केली, की आई जाईल ती माझ्याच गाडीतून. गाडीला मी असं सस्पेन्शन बसवीन, की आईला वाटेल आपण झोपाळ्यावर बसलो आहोत!

त्यानंतर आठवडाभर मी दुकानात गिऱ्हाइकांकडे पाठ करून मोबाइलवर सस्पेन्शनचे व्हिडिओ पाहिले. लोकांच्या आधारकार्डांच्या प्रती तिरक्या निघाल्या, पण माझं ज्ञान सरळ वाढत गेलं. तेल भरलेले शॉकअप, गॅस भरलेले शॉकअप, मऊ स्प्रिंग, कडक स्प्रिंग, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी ठोकळे! इतकं ज्ञान झालं, की काही कळेनासं झालं. त्या अवस्थेत मी बाबू मिस्त्रीच्या गॅरेजात गेलो.

बाबू मिस्त्री कुठल्याही प्रश्नाला नाही म्हणत नाही, हा त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष.

"आराम पाहिजे," मी म्हटलं.

"देऊ की. गाडीत बसता किती?"

आता खरं उत्तर होतं, तिघं. आई, मीना आणि मी. पण आमच्याकडे गाडीविषयी विचारलं, की माणूस परतीच्या प्रवासाचा हिशोब करतो. मी सांगितलं, "चार मोठी माणसं धर. एक तांदळाचं पोतं. पाच-पंचवीस नारळ. आणि दोन फणस राखून ठेव." (फणसाचा मोसम नव्हता. पण शॉकअप काय एका मोसमासाठी टाकतात?)

"म्हणजे लोड आहे," बाबू गंभीर झाला. "मग स्प्रिंगा कडक लागणार."

"कडक म्हणजे आराम कमी ना?"

"छे हो! मऊ टाकली तर गाडी लोडला बसणार. बसली की आपटणार. आपटली की कंबर!"

'कंबर' या शब्दावर मी खलास झालो. कडक स्प्रिंगा घेतल्या, गॅसचे शॉकअप घेतले आणि वर रबरी ठोकळेही घेतले. "तिन्ही एकदम चालतील का?" असं विचारलं तर बाबू म्हणाला, "चालतील की!" गाडी तयार झाली तेव्हा ती मागून चांगली दोन बोटं उंच दिसत होती, शिंक आलेल्या माणसासारखी. मला तो रुबाब वाटला.

मीना व्यवहारी बाई. ती म्हणाली, "अहो, आईंना बसवायच्या आधी दुसरं काहीतरी बसवून बघू या."

"काय?"

"सोलकढी."

कल्पना झकास होती. पातेलंभर सोलकढी मांडीवर घेऊन कुणीतरी मागे बसायचं. कढी सांडली नाही, तर आईची कंबर सांडणार नाही. मांडी कुणाची, हा प्रश्न उरला होता. तेवढ्यात गेटातून पांढरेशुभ्र कपडे आत आले.

"संजय, अरे ये ये! तुझीच वाट बघत होतो," मी म्हटलं. लग्नानंतर एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो!

बिचारा विश्वासाने बसला. मी गाडी काढली. सपाट रस्त्यावर कढी शांत. संजय म्हणाला, "भावजी, मानलं तुम्हाला." मी आरशात बघून मिशीवरून हात फिरवला. आणि पुढे स्पीडब्रेकर आला. गाडीची मागची बाजू जी उडाली ती पातेल्याला घेऊन उडाली, पातेलं संजयला घेऊन उडालं, आणि खाली येताना तिघांनी वेगवेगळी वेळ निवडली! मी घाबरून ब्रेक दाबला, तेव्हा राहिलेली कढीही पातेल्यातून बाहेर पडली.

मागे बघायची हिंमत होईना. शेवटी मागूनच आवाज आला.

"भावजी, कढी फर्मास झाल्येय. मीठ किंचित कमी. गाडीचं काय ते बघा."

संजय मानेपासून गुडघ्यापर्यंत गुलाबी झाला होता. एरवी हे दृश्य मी घरातल्या कॅलेंडरवर छापून घेतलं असतं, पण त्या वेळी मला खरंच हसू आलं नाही. बोट उतरायला तीन दिवस राहिले होते. आईने नवं लुगडं काढून ठेवलं होतं. ती रोज मला विचारायची, "झाली रे तुझी गाडी?" आणि मी म्हणायचो, "झालीच."

बाबू मिस्त्रीकडे गेलो तर त्याच्या मेव्हणीचं लग्न होतं, गॅरेज चार दिवस बंद.

हताश होऊन परत येत होतो. वाटेत मीनाने तुळशीच्या कट्ट्यासाठी सांगून ठेवलेले चार चिरे घ्यायचे होते. ते डिकीत टाकले. गाडीने एक सुस्कारा सोडला आणि मागून खाली बसली. मी निघालो. तोच स्पीडब्रेकर आला, मी डोळे मिटून घेतले... आणि काही झालंच नाही! गाडी नुसती होडीसारखी डुलली आणि पुढे गेली. मी वळसा घेऊन परत त्यावरून गेलो. पुन्हा डुलली! तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कोपऱ्यावरचा पानवाला उभा राहून बघायला लागला.

मला उलगडा झाला. मी मागितल्याप्रमाणे बाबूने गाडी चार माणसं, पोतं, नारळ आणि दोन फणसांसाठी बनवली होती. एवढं वजन असेल तरच ती माणसात येत होती! म्हणजे आईला आराम हवा असेल, तर गाडीत आईखेरीज आणखी बरंच काही हवं होतं. मीनाला मागे बसवून काम भागलं असतं का, असा विचार मनात येऊन गेला. (तसं बोलून दाखवायची माझी छाती झाली नाही.) तुळशीचा कट्टा लांबणीवर पडला आणि चिरे डिकीत राहिले.

ठरल्या दिवशी आई देवाचं नाव घेत मागच्या सीटवर बसली. भाट्याच्या पुलावर तिने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. पावस येईपर्यंत एक हात सुटला. पावसच्या पुढे ती चक्क घोरायला लागली! मीना मागे वळून बघायची, मग माझ्याकडे बघायची. माझ्या गाडीकडे तिने इतक्या कौतुकाने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

पूर्णगडला मावशी खुर्ची टाकून अंगणातच बसली होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आईने पुढे होऊन मावशीचा कान धरला.

"तोच आहे गो हा. ओळखला मी!"

मावशी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मग दोघीही थांबेनात. मला काही ते बघवेना. मी उगाच टायरमधली हवा तपासत फिरलो.

खाडीवर बोट फुलांनी सजली होती. दोघी बहिणींनी एकच नारळ दोघींच्या हातांनी धरून फोडला. भरती चढत होती, ऐनवेळी बोट एका अंगाला कलायला लागली, आणि नितेश ओरडला, "टेकू द्या, टेकू! वजनदार काहीतरी आणा!" आम्ही अहेराला आणलेलं तांदळाचं पोतं काढायला कुणीतरी माझी डिकी उघडली होती. तिथून दुसरी आरोळी आली, "काकांनी चिरे आणलेत!"

"देवासारखे आलात काका!" नितेश म्हणाला. मी तोंड उघडेपर्यंत चारही चिरे बोटीखाली! बोट सावरली, भरती आली, बोट डौलात तरंगत गेली. चिरे खाडीच्या चिखलात पाण्याखाली गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण चिरे बुडाले तिकडे बघत. आईला संध्याकाळपर्यंत परत न्यायचं होतं, दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरला दाखवायचं होतं.

शेवटी मावशीला सगळं सांगून टाकलं. शॉकअप, फणस, सोलकढी, चिरे, सगळं. नितेश म्हणाला, "चिऱ्यांचं काय घेऊन बसलात? कुंपणाच्या गडग्याचे चार काढून देतो."

मावशीने हाताने त्याला थांबवलं. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग तिची नजर परत माझ्या पोटाशी येऊन थांबली.

"गडगा कशाला मोडतोस? आपला हा बाळ्या आहे की!"

"पण मावशी, गाडी मी चालवतो!"

"का? मीनाला येत नाय?"

मीनाला येत होती. लायसन्सही होतं. फक्त माझ्या गाडीचे शॉकअप खराब होतील म्हणून मी तिला कधी चालवू दिली नव्हती!

परतीच्या प्रवासात मीना पुढे, मी मागे आईशेजारी, आणि डिकीत एक नारळाचं पोतं. मीनाने रत्नागिरीपर्यंत एकही दणका बसू दिला नाही. उतरल्यावर आई म्हणाली, "जातानापेक्षा येताना बरं वाटलं हो. मीनाचा हात हलका आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तूही नीट बसला होतास."

तेव्हापासून आई दर महिन्याला पूर्णगडला जाते. बाबू मिस्त्रीने मऊ स्प्रिंगा घालून देतो म्हणून सांगितलं, पण घरात कोणी ऐकून घ्यायलाच तयार नाही. "चांगली चाल्लेय ती कशाला बिघडवता?" गाडी मीना चालवते. मी मागे बसतो. खाडीतले चिरे आणायची आठवण आता कुणालाच होत नाही.

मध्यंतरी डॉक्टरांनी माझं वजन पाहून मला ताकीद दिली. मी निग्रहाने भात सोडला, सकाळी चालायला लागलो, आणि महिनाभरात पँट ढिली झाली. त्या महिन्यात पूर्णगडला जाताना आईने पावसच्या आधीच कंबरेला हात लावला.

"मीना, रस्ता बिघडला का गो? दणके बसतायत."

मीनाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्या रात्री माझ्या ताटात न मागता भाताचा डोंगर पडला. वर तुपाची धार, बाजूला तळलेल्या सुरमईच्या दोन तुकड्या. मी म्हटलं, "अगं, डॉक्टरांनी..."

"गप जेवा," मीना म्हणाली. "आईंना पुढच्या महिन्यात परत जायचंय."