बोस्पोरिखोसची चांदणी

बायझंटियमच्या टाकसाळीत बिथिस पंधरा वर्षं घण मारत होता. एवढ्या वर्षांत त्याने मनापासून मान दिला तो एकाच माणसाला, ठसे कोरणाऱ्या बोस्पोरिखोसला. म्हातारा एकदा मारलेली रेघ कधी खोडत नसे.

हल्ली त्याला नीट दिसत नव्हतं. रेघ किती खोल गेली हे तो जिभेच्या टोकाने पारखायचा. बिथिसला हे माहीत होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही.

नगरदेवीच्या उत्सवाआधी नाण्यांचा कारभारी हेकातोदोरोस आला.

"बाबा, गेल्या खेपेला नाण्यावर चांदणीची पाचच किरणं उमटली. लोक म्हणतात, देवीची चांदणी उंदराने कुरतडली. उद्याच्या चाचणीत आठ दिसली नाहीत, तर पेरिंथोस शहरातून कारागीर आणतो. तुम्ही बंदरावर बसून मासे खारवा."

"खारवीन," म्हातारा म्हणाला. "तेही नीट खारवीन."

दिवसभर तो उठला नाही. नव्या ठशात चंद्रकोर उथळ घेतली, तिच्या टोकांमधली चांदणी दुप्पट खोल. घण पडला की धातू आधी रुंद जागेत धावतो, बारीक किरणांच्या वाट्याला थोडाच उरतो. एकेका किरणाला सात घाव. प्रत्येक घावानंतर ओल्या लोकरीने पुसायचं, जीभ लावायची. शेजारी ठेवलेली भाकरी वाळून गेली.

दुसऱ्या दिवशी चाचणी. पहिल्या घावाला ठसा ज्याने कोरला त्यानेच धरायचा, ही तिथली रीत. तापलेली चकती ऐरणीवर आली. बोस्पोरिखोसने तिच्यावर ठसा टेकवून मुठीत धरला. बिथिसने घण घातला.

कोर सुरेख उठली होती. हेकातोदोरोसने किरणं मोजली.

"सहा. पाचापेक्षा बरी म्हणायची."

म्हाताऱ्याने नाणं पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं.

"बिथिस, जोर किती लावलास?"

"नेहमीचा."

"मला शिकवू नकोस. माझी बोटं वाचवलीस तू."

बिथिसने मान खाली घातली. "चुकून घण घसरला तर? कोरणार कशाने मग, पायाने?"

"पंधरा वर्षांत घसरला का?"

"नाही."

"मग आज कशाला घसरेल? दुसरी चकती आण. आणि हात आखडू नकोस."

बिथिसने पाय रोवले. घण पाठीमागून आणला आणि अंगातलं सगळं बळ एका घावात ओतलं. ऐरणीखालचा ओंडका हादरला. म्हाताऱ्याची मूठ जिथल्या तिथे होती.

हेकातोदोरोस नाणं घेऊन दारातल्या उजेडात गेला. नखाने एकेक किरण मोजलं. पुन्हा मोजलं.

"आठ," तो म्हणाला. "पेरिंथोसला माणूस पाठवत नाही. उद्यापासून नाणी पाडायला घ्या."

बोस्पोरिखोसचं लक्ष तिकडे नव्हतं. ठसा निवला होता आणि तो त्यात कोरलेल्या किरणांवरून जीभ फिरवत होता.

"धार शाबूत आहे," तो बिथिसला म्हणाला. "उद्याही एवढाच जोर लाव."