पंचांकडे न पाहता

बाद झाल्यावर पूर्वीचे फलंदाज पंचांकडे न पाहता खरोखरच तंबूत परतत असत का? या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, असे मी रविवारपर्यंत समजत होतो.

रविवारी शेजारची मुक्ता शाळेचा सामना खेळून आली आणि पॅड न सोडताच आमच्या पायरीवर बसली.

"आजोबा, चेंडू बॅटला लागून झेल गेला. पंचांना कळलंच नाही. पण तुम्ही सांगता तशी मी आपणहून बाहेर आले. आम्ही हरलो. सर म्हणाले, 'मोठी सत्यवादी लागून गेलीस!'" मग तिने हळूच विचारले, "तुमच्या वेळचे खेळाडू असेच जायचे ना?"

"अर्थात," मी म्हणालो आणि पुरावा म्हणून जुनी वही काढली. तरुणपणी मी राज्याच्या संघाचे सामने मैदानात बसून चेंडूगणिक लिहून ठेवत असे. ज्या फलंदाजाच्या सचोटीची गोष्ट मी शिक्षक असताना वर्षानुवर्षे वर्गात सांगितली, त्याच्याच पानाच्या समासात माझे सुबक अक्षर होते: "झेल स्वच्छ. पंच चुकले. आपला गडी हलला नाही. शाबास!"

'शाबास'खाली मी पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या.

मुक्ताने ते वाचले. "म्हणजे मी एकटीच गेले," ती म्हणाली.

त्या काळाचे पांढरे कपडे दरवर्षी वर्गात मीच धुऊन काढत होतो. डाग मात्र वहीत राहिला होता.

'आमच्या वेळी' असे म्हणण्यापूर्वी वाचकांनी कृपया आपापली वही स्वतः उघडून पाहावी.