न बघता म्हटलेलं ठीक

चूक सहवैमानिक तामारूचीच होती. हानेदाहून मियाझाकीला विमान नेताना जमिनीवरच्या नियंत्रकाने खाली यायला सांगितलं. तामारूने गोल बटण फिरवून वीस हजार फुटांचा आकडा लावला, त्याच्याकडे बोट दाखवून तो मोठ्याने म्हटला आणि बटण दाबायचंच विसरला. दाबल्याशिवाय विमान ढिम्म हलत नाही. दिवाळसणाला रुसलेल्या जावयासारखं ते होतं तिथेच बसून राहिलं.

शेजारी कॅप्टन कुरानिशी. त्यांनीही रीतीप्रमाणे आकड्याकडे बोट दाखवलं आणि "ठीक" म्हटलं. मग दोघंही निवांत. खाली यायचा विचार आहे ना, असं नियंत्रकाने विचारलं तेव्हा कुठे जाग आली. समुद्रावर एक जादा घिरटी घालून उतरले. कुणाच्या पेल्यातला चहाही हिंदकळला नाही.

पण तामारूला ते पटेना. बटणाचं विसरणं एक वेळ समजण्यासारखं, पण कॅप्टनचं "ठीक" चुकीचं निघावं? हे सगळं तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आकडा म्हणजे आपली नुसती इच्छा, ते सांगत. यंत्राने ती मनावर घेतली का, ते पडद्याच्या वरच्या ओळीत वाचायचं. ती ओळ बदलेपर्यंत त्यांच्या तोंडून ठीक निघत नसे.

घरीही तेच. बाहेर पडताना गॅसकडे बोट, दिव्याकडे बोट, फाटकाकडे बोट. आतून त्यांची बायको साकिए म्हणे, "बायको, ठीक. नवऱ्याचं काही सांगता येत नाही." तिच्या हातचे भाताचे गोळे खाता खाता तामारूला कितीदा ठसका लागला होता. गेल्या हिवाळ्यात ती पोटाच्या दुखण्याने गेली. तेव्हापासून म्हणे कॅप्टन फाटकाकडे बोट दाखवून जरा वेळ तसेच उभे राहत. आतून काही येतंय का बघत.

मियाझाकीला उतरल्याबरोबर तामारूने त्यांना गळ घातली. सगळं मी माझ्या अंगावर घेतो, तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्या निवृत्तीला वर्षही उरलेलं नाही, घर असं रिकामं, एक विमान तेवढं राहिलंय. कॅप्टन नुसतं "हं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो मुख्य वैमानिकांसमोर मान खाली घालून उभा राहिला, तर कळलं, कुरानिशी सकाळीच येऊन गेले. मी न बघता होकार दिला, असं सांगून, आता मला विमान देऊ नका म्हणाले.

तामारू तडक त्यांच्या घरी गेला. जाताना संत्री घ्यायचं तेवढं भान राहिलं. कॅप्टननी जवाचा चहा केला, तीन कपांत ओतला, तिसरा साकिएच्या फोटोपुढे ठेवला. तो कप पाहून तामारूला आधी रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

"मी घेत होतो ना अंगावर? कुणाला ओरखडा नाही, कुणी तुम्हाला विचारलंही नसतं. एवढ्याशा ठीकपायी विमान सोडायचं, कॅप्टन?"

कुरानिशींनी एक संत्रं सोललं आणि कपाशेजारी नीट ठेवलं.

"तिचं पोट दुखत होतं, तेव्हाही मी न बघताच ठीक म्हटलं."