लेकरू रडंना

आमची थोरली जाऊ तारामती एका जागी बसलेली चाकूरात कुणी बघितली न्हाई. भाकर थापता थापता उठणार, कोंबड्या हाकणार, परत येईस्तोवर तव्यावरची करपणार. पायाला भिंगरीच हाय तिच्या. तिचे मालक श्रीमंत भावजी म्हणायचे, "ही सरणावरूनबी उठून चूल बघाया जाईल."

तिची लेक पुनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोरगी झाली, टाके पडले. तारामतीनं सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपाची धुरी सुरू केली. मी म्हणलं, जरा दार तरी उघड. ऐकंल ती तारामती कसली! धुरानं पुनमला ढास लागली. खोकली की टाके ताणायचे अन् ती कळवळायची. लेकीचे हाल तारामतीला बघवंनात. भावजींना मागं डॉक्टरनं दिलेली खोकल्याची बाटली फळीवर होती, तीच तिनं पाजली.

खोकला थांबला. मायलेकी अशा निवांत झोपल्या की आल्यागेल्या बाया म्हणल्या, गुणाचं लेकरू गं बाई. मीबी म्हणलं. तारामतीला मात्र चैन पडंना. सारखी पाळण्यापाशी जायची.

"पोरगी रडंना गं. दूधबी ओढंना."

"रडली तरी तरास, न्हाई रडली तरी तरास," मी चिडलेच.

तिनं पोरीच्या तळव्याला टिचकी मारली. पोरीनं डोळा उघडला न्हाई. श्वास चालला होता, पण थांबून थांबून.

चप्पल न घालताच तारामती नाक्यावरच्या वडापच्या जीपकडं पळाली. पोरगी पदरात, बाटली कमरेला. पुनमच्या पोटात नवीन गेलं ते हे औषधच, हे तिनं ओळखलं होतं. पुनमला घेऊन मी मागं बसले. लातूरच्या दवाखान्यापर्यंत तारामती पोरीचा तळवा खाजवत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी बाटली वाचली. "यात कोडीन आहे, अफूच्या घराण्यातलं. मेंदूतून खोकला दाबतं. अंगात त्याचं मॉर्फिन होतं, काहींच्या अंगात फार झपाट्यानं. ते दुधातून बाळात गेलं, म्हणून श्वास मंदावलाय." त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं.

"माझ्या हातानं पाजलं गं," म्हणत तारामती दारापाशी येरझाऱ्या घालत होती. आतून पोरगी किंचाळली, तेव्हा कुठं तिचे पाय थांबले.

आता पोरगी तीन महिन्यांची हाय. तिचा डोळा लागला की तारामती येती अन् तळव्याला टिचकी मारती. पोरगी टाहो फोडती.

"आई, आत्ताच निजवली होती गं," पुनम वैतागती.

"रडू दे," तारामती म्हणती, अन् तेवढं ऐकलं की भाकरीकडं पळती.