औशाच्या मामांची फौज

साऱ्या मराठवाड्यात स्वतःच्या मालकीची फौज बाळगून असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या हिचे औशाचे मामा. फौज आठ चिलखती गाड्यांची होती. प्रत्येक गाडी वीतभर लांब, चारी चाकं फिरणारी, वरचा तोफेचा घुमट डावी-उजवीकडे वळणारा. त्यांना 'खेळणी' म्हणणाऱ्या माणसाला मामांच्या घरी दुसरा कप चहा मिळत नसे. मी एकदा चुकून म्हणालो होतो. जावई असूनही मला तो कप दिवाळीपर्यंत मिळाला नाही.

लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा माझी नांदेडहून तिथल्या कचेरीत बदली झाली. पहिले काही महिने आम्ही कारकून मंडळी जुन्या छापील कागदांवरचं 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' लिहीत बसलो होतो. मामांना हे सांगितलं, तर ते पत्रा घासणारी कानस थांबवून म्हणाले, "बघा जावईबापू. कागदावर रेघ मारली अन् तुमचा जिल्हा आला. आमचा आख्खा मुलूख असाच एका रेघंत गेला." मुलूख म्हणजे निजामाचं हैदराबाद. मामांना त्या राज्याचा उमाळा होता असं मात्र कुणी समजू नये. रझाकारांचा विषय निघाला की ते आधी बाहेर जाऊन थुंकून येत आणि मग बोलत. पण विसाव्या वर्षी ते निजामाच्या फौजेच्या कारखान्यात फिटर होते आणि तिथल्या आठ खऱ्या बख्तरबंद गाड्यांचा एकेक नट त्यांच्या हाताखालून गेला होता. "मोठ्या देशाची फौज कोनी बी मोजतं," ते म्हणत, "बारक्या मुलखाची कोन मोजनार? त्यो मुलूखच राह्यला न्हाई आता."

त्यांचं माप साधं होतं. खऱ्या गाडीचा एक हात म्हणजे इथे एक बोट. मोजपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ती म्हणे उन्हात वाढते. पत्रा वनस्पती तुपाच्या डब्यांचा, दिवे इंजेक्शनच्या बाटल्यांच्या बुडांचे, चाकं सायकलच्या जुन्या टायरची आणि तोफा मामींच्या छत्रीच्या काड्यांच्या. मामींनी छत्रीचा सांगाडा नाचवून आकांत केला, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "पाऊसच न्हाई तर छत्री कशापायी?" पावसानं त्या वर्षी तोंडच दाखवलं नव्हतं. मामींनी उरलेल्या काड्याही त्यांच्यापुढे टाकल्या. गाड्यांकडे पाय करून बसायचं नाही, गाड्यांसमोर शिंकायचं नाही, आणि सकाळी दुकान उघडायला जाताना मामा गाड्यांच्या फळीसमोर टाचा जुळवून सलाम करीत. बसस्टँडमागे त्यांचं पंक्चर काढायचं दुकान होतं. तिथे जाणारा माणूस सलाम ठोकून जातो, हे पाहून मला पहिल्यांदा फार हसू आलं होतं. नंतर मात्र त्या घरात मी जपूनच हसू लागलो.

कारण आठवी गाडी. सात गाड्या फळीवर असत, आठवी खिडकीखाली पितळेच्या तबकात, एकटी. तिच्या चाकांना चिखल असे. रंगवलेला नव्हे, खरा, काळा, ओला चिखल. दुष्काळाचं वर्ष, टँकर चार दिवसांतून एकदा येई, मामी आंघोळीचं पाणीसुद्धा तांब्यानं मोजून देत. साहजिकच त्यांचा सारा संशय नवऱ्यावर होता. "लेकरांस्नी पेयाला पानी न्हाई अन् हे गाड्याला चिखल लावून राहिले!" असं त्या मला दारातच सांगत. त्यांनी पाण्याच्या रांजणाच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली आणि एक आख्खा दिवस दारात पाट टाकून बसल्या. संध्याकाळी चाकं पाहिली तर चिखल ओलाच. त्या दिवसापासून मामींनी त्या गाडीला शिव्या देणं बंद केलं आणि तबकापुढे दिवा लावायला सुरुवात केली. मला शिव्याच बऱ्या वाटत होत्या.

मी पडलो सरकारी माणूस. डोळ्यांनी तपासल्याशिवाय सही करत नाही. एका रविवारी सकाळी मी स्वतः रुमालानं ती चारी चाकं लख्ख पुसली, तबक उन्हात ओढलं आणि समोर खुर्ची टाकून बसलो. मामींनी चहा आणला. कप घ्यायला मान वळवली असेल तेवढीच. परत पाहतो तर चाकं आसापर्यंत चिखलात, आणि पुढच्या चाकाला गवताचं एक पातं चिकटलेलं. हिरवंगार. सगळ्या तालुक्यात तेव्हा हिरवं म्हणावं असं गवत औषधालाही नव्हतं. मी पुन्हा रुमाल काढला, आणि मामा पाठीमागून म्हणाले, "पुसू नका, जावईबापू. मी लई डाव पुसलाय."

मग त्यांनी सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारतीय फौज हैदराबादेत शिरली त्या दिवसांत, ऐन पावसात, निजामाची फौज मागे हटत होती. आठवी गाडी औशाअलीकडच्या ओढ्यात रुतली. गाडीवर दस्तगीर नावाचा ड्रायव्हर, मामांचा जिवाचा दोस्त, एका ताटात जेवणारा. मामा त्याच्याबरोबरच होते. बाकीचे पळाले. दस्तगीर म्हणाला, "तू बैलां लेके आ. मैं गाडी छोडके नै जाता." मामा गावात गेले, हातापाया पडून एक बैलजोडी मिळवली आणि ओढ्याकडे निघाले.

"मधी वाटंत गोळीचा आवाज आला," मामा म्हणाले. "मी बैल मागं फिरवले. ज्याचे त्याच्या दावनीला बांधले अन् कडब्यात लपून बसलो. तिसऱ्या रोजी गेलो, तर गाडी न्हाई, दस्तगीर न्हाई, काई न्हाई. नुस्तं पानी." त्यांनी तबक उन्हातून परत खिडकीखाली सरकवलं. "त्यो अजून वाट बघतोय, जावईबापू. मला दुसरं काई नगं. एक डाव बैल घिऊन जायचंय. पन ह्या दुष्काळात बैल कोन दील?"

त्या माणसाला मी वर्षभर हसत आलो होतो, याची मला त्या क्षणी मनापासून लाज वाटली. माझ्याकडे तेव्हा गुरांच्या छावणीतली जनावरं मोजायचं काम होतं. तिथल्या तुळशीराम नावाच्या शेतकऱ्याला मी भीत भीत जोडी मागितली. त्याला वाटलं, साहेबाला ऊन लागलं. "नेता तर न्या," तो म्हणाला, "पन ह्येंस्नी उभं राहाया येत न्हाई, वढतेत काय? मी बी येतो संगट." बैलांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या.

आम्ही भर दुपारी ओढ्यात उतरलो. पांढरी वाळू, भेगाळलेला काठ, सावली कुठे नावाला नाही. मामांनी फिटरचा जुना खाकी शर्ट घातला होता. तो पोटावर बसत नव्हता. बटणांच्या जागी त्यांनी तारा वळल्या होत्या, आणि एरवी मी यावर चार दिवस हसलो असतो. त्यांनी जू बैलांच्या मानेवर ठेवलं, जुवाला बांधलेला जाड दोराचा नाडा घेतला, वाळूत गुडघ्यांवर बसून त्याचं दुसरं टोक कशाला तरी बांधल्यासारखं केलं आणि सावकाश, कारागिराच्या हातानं गाठ मारली. तिथे काहीच नव्हतं, मी डोळ्यांनी पाहत होतो. मग ते उठून ओरडले, "दस्तगीर! आनले रे बैल!"

तुळशीरामानं 'हाऽऽ' केलं. बैल दोन पावलं गेले आणि अडकले. नाडा वाळूवरून उचलला गेला, ताठ झाला आणि करकरू लागला. बैलांच्या माना खाली गेल्या, खुरं वाळूत रुतली, नाकातून फेस आला. तुळशीराम 'हाऽऽ' म्हणायचंही विसरला. किती वेळ ते चाललं मला सांगता येणार नाही. मग एकदम, चिखलातून पाय उपसावा तसा आवाज झाला आणि बैल पुढे धडपडत निघाले. नाडा सैल होऊन मागे फरफटत गेला.

मामांनी टाचा जुळवून सलाम केला. हात खाली यायला फार वेळ लागला.

तुळशीरामानं बैलांच्या खांद्यांवरून हात फिरवला. तिथली कातडी सोलवटून लाल झाली होती. त्यानं ती मला दाखवली. मग जोडी घेऊन तो छावणीकडे गेला.

परतताना मामा माझा हात धरून चालत होते. हा हात त्यांनी याआधी कधी धरला नव्हता. चढावर थांबून त्यांनी धापा टाकल्या, टोपी काढली आणि पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

"जावईबापू," ते म्हणाले, "वळखलं असंल का हो त्यानं मला? तवा केस काळे हुते माझे."

"ओळखलं, मामा," मी म्हणालो. "आवाजावरून ओळखलं."

"हाव," ते म्हणाले, "आवाज त्योच हाय," आणि पुन्हा चालू लागले.