सुलट बाजू

चिउन्यांग बावीस वर्षं मागाच्या माचीवर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढत होती. खाली तिचा नवरा थान धोटा टाकायचा. चीनमधल्या नानचिंगचं हे जरीचं कापड विणताना सुलट बाजू खाली असते, त्यामुळे दोघांनी जन्मभर कापडाची पाठच पाहिली. कापड उतरलं की मुकादम लगेच गुंडाळून न्यायचा. मजुरांचे हात घामट, असं त्याचं म्हणणं.

एकदा नवे अंमलदार कारखाना पाहायला आले. अंगात याच मागावरचा, क्रौंच पक्ष्यांच्या नक्षीचा, बिनअस्तराचा उन्हाळी अंगरखा.

"अहो, साहेबांनी अंगरखा उलटा घातलाय!" चिउन्यांग वरून ओरडली.

थानने निरखून पाहिलं. "खरंच की! पक्ष्यांच्या माना भलतीकडेच वळल्यात."

अंमलदार वरमले. विणणारेच सांगताहेत म्हटल्यावर वाद कसला घालणार? पडद्याआड जाऊन ते अंगरखा उलटा करून आले. आता छातीवर नुसते धागे लोंबत होते. मुकादमाने कपाळाला हात लावला.

चिउन्यांगने माचीवरून वाकून पाहिलं.

"हां," ती म्हणाली, "आता कसा आपला वाटतोय!"