गोड्या पाण्याचा झोपाळा

देवबागच्या विनीतावहिनींच्या हातची वस्तू मोडत नाही, असं वाडीत म्हणतात. लग्नात आलेली कढई अजून चुलीवर आहे. घरात पाहुणे ठेवायला लागल्यावर त्यांनी अंगणात पांढरा लोखंडी झोपाळा आणला, पावडर कोटिंगचा, म्हणजे भट्टीत भाजून चढवलेल्या रंगाचा. दुकानदाराने बजावलं होतं, "खारा वारा आहे. रोज गोड्या पाण्याने धुवा. रंगाला कुठे फोड दिसला तर लगेच खरवडून प्रायमर लावा."

धुण्याचं त्यांनी व्रतच घेतलं. सकाळी विहिरीतून कळशी काढायची आणि वरच्या आडव्या पाइपापासून खाली पाटापर्यंत झोपाळ्याला न्हाऊ घालायचं. खरवडायचं मात्र जिवावर आलं. वरच्या पाइपाच्या सांध्यावर बोराएवढा फोड आला, तेव्हा चांगल्या रंगाला ओरखडे कशाला काढायचे, म्हणून त्यांनी आणखी एक कळशी ओतली.

"तुझ्या ह्या न्हाणान झोपाळो आमच्या मागे जगतलो," त्यांचे यजमान दत्तप्रसाद हसायचे.

नळ आल्यापासून विहिरीचं पाणी कुणी तोंडात घेतलं नव्हतं. साबणाला फेस येईना, तेव्हा वहिनींनी साबण बदलला. तुळस दोनदा जळली, तेव्हा नवी लावली. एवढ्या जाणत्या बाईला कळू नये, याचा रागच यावा.

लेक अनुजा सातव्या महिन्यात माहेरी आली आणि झोपाळ्याला चिकटली. एका सकाळी नळ कोरडा होता. आईने धुवायला आणून ठेवलेल्या कळशीतून तिने बसल्याबसल्या ओंजळभर पाणी घेतलं आणि थुंकली.

"आये, पाणी खारट आसा गो!"

वहिनींनी बोट बुडवून चाटलं. नजर वर सांध्याकडे गेली. फोड लिंबाएवढा झाला होता आणि खाली लेक झुलत होती.

"पाय टेक. हळू उठ. माझो हात धर, पायपाक हात लावू नको."

"काय झाला गो?" अनुजा हसत उठली.

तिला पायरीपर्यंत नेऊन वहिनी परतल्या. फोडावर अंगठा दाबला, तो सरळ आत गेला. चकचकीत सालीखाली नुसता ओला तांबडा भुगा होता. वरून कीर्तन, आतून तमाशा. पाइप करकरला, त्या मागे सरल्या, आणि तो जड पाइप अनुजा बसली होती तिथेच पाटावर आदळला.

अनुजाने दोन्ही हात पोटावर धरले.

"मियांच," वहिनी स्वतःकडे बोट करून म्हणाल्या, "रोज मियांच ह्येका मीठ पाजलंय."